किल्ली कोणाच्या कनवटीला?

बिटकॉइनचा आजचा भाव काय, हे आमच्या वर्गातल्या मुलांना परीक्षेच्या वेळापत्रकापेक्षा अधिक चोख ठाऊक असते. गेल्या वर्षभरात या चलनाविषयी मला जे प्रश्न विचारले गेले, ते बहुतेक ‘घ्यावे की न घ्यावे’ याच जातीचे होते. त्याचे उत्तर देण्याचा अधिकार गणिताच्या अध्यापकाला नाही, आणि मला तशी हौसही नाही. पण घेतलेले चलन ठेवायचे कोठे, हे मात्र एकानेही विचारले नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच. शिवाय तो बराचसा गणिताचा आहे. म्हणून हा लेख.

प्रथम एक गैरसमज दूर करू. ज्याला ‘वॉलेट’ म्हणतात त्या पाकिटात पैसा नसतोच. जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइनची जी कीर्द सुरू झाली, तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर आहेत आणि ती कोणालाही वाचता येते. कोणत्या पत्त्यावर किती जमा आहे हे तीवरून कळते. धन्याचे नाव मात्र कोठेच नसते. नावाच्या जागी काम करते ती एक गुप्त संख्या. तिला ‘प्रायव्हेट की’ म्हणतात. आपण खाजगी किल्ली म्हणू. ही किल्ली सांभाळणारी वस्तू म्हणजे वॉलेट, मग ते फोनमधील ॲप असो, पेनड्राइव्हएवढे यंत्र असो की नुसता कागदाचा कपटा.

ही किल्ली घडते कशी? रुपयाचे नाणे २५६ वेळा उडवा. छापा पडला तर १ लिहा, काटा पडला तर ०. झाली किल्ली. दशमान पद्धतीत ती सुमारे ७७ अंकी भरते. तिच्यावरून एका विशिष्ट वक्रावरील क्रियेने सार्वजनिक किल्ली काढतात आणि सार्वजनिक किल्लीवरून पत्ता. हा प्रवास एकेरी आहे. दोन मोठ्या संख्यांचा गुणाकार करणे सोपे; पण गुणाकार हाती देऊन अवयव शोधायला सांगितले की घाम फुटतो. ही गाठ त्याच जातीची, किंबहुना अधिक बिकट आहे. पैसे देतानाही किल्ली कोणाला दाखवावी लागत नाही. तिने केलेली सही तेवढी जाहीर होते, व ती खरी की खोटी हे कोणीही पडताळू शकतो.

मात्र नाणे खरोखरच उडवलेले हवे. माणसाने मनाने योजलेल्या संख्येत योगायोग नसतो, सवय असते. आरंभीच्या काळात काही हौशी मंडळींनी एखादे आवडते वाक्य घेऊन त्यावरून किल्ली बनवली. चोरांनी ग्रंथांतली आणि गाण्यांतली वाक्ये संगणकाला पुरवली व अशी पाकिटे रिकामी केली.

७७ अंक बिनचूक उतरवून घेणे कठीण. म्हणून २०१३ साली एक सोय पुढे आली. २०४८ शब्दांची एक ठरीव यादी आहे. तिच्यातले बारा किंवा चोवीस शब्द विशिष्ट क्रमाने लिहिले की त्यांतून सगळ्या किल्ल्या पुन्हा निर्माण करता येतात. इंग्रजीखेरीज जपानी, कोरियन, स्पॅनिश, चेक अशाही याद्या आहेत. मराठी नाही आणि कन्नडही नाही, तेव्हा निदान या बाबतीत आमच्या अंकाच्या दोन्ही विभागांना भांडायला जागा नाही! हे शब्द कागदावर लिहावेत. फोनने त्यांचा फोटो काढू नये, कारण तो बहुधा आपल्या नकळत परक्या संगणकावर जाऊन बसतो. कंपनीचा माणूस म्हणून जो कोणी हे शब्द मागेल, तो चोर समजावा.

आता मुख्य अडचणीकडे वळू. जमिनीचा उतारा हरवला तर तलाठ्याकडून दुसरा मिळतो, पासबुक हरवले तर बँक नवे देते. कारण उतारा हा मालकीचा पुरावा आहे, मालकी नव्हे. येथे मात्र ते बारा शब्द हीच मालकी. ते ज्याच्या हाती पडले तो धनी. कोणाच्याच हाती राहिले नाहीत तर धनी कोणी नाही आणि रक्कम कीर्दीत जगाला दिसत पडून राहते. वेल्समधील न्यूपोर्ट येथील जेम्स हॉवेल्स यांची हार्ड डिस्क २०१३ साली कचऱ्यात गेली. तीत सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली होती. कचरा उकरू द्यावा म्हणून ते तेथील नगरपालिकेशी वर्षानुवर्षे भांडले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला.

मग हे लचांड एखाद्या एक्स्चेंजवर का सोपवू नये? सोपवावे, पण मग किल्ली पेढीच्या कनवटीला जाते आणि आपल्याजवळ उरतो तिचा शब्द. कॅनडातील क्वाड्रिगा-सीएक्स या पेढीचा प्रमुख जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये आपल्याकडे जयपूरला आला असता वारला. किल्ल्या एकट्या त्यालाच ठाऊक होत्या, असे पुढे सांगण्यात आले. सुमारे ७६ हजार ग्राहकांचे पैसे अडकले. एक माणूस गेला की तिजोरी कायमची बंद, असा धडा लोक त्यावरून घेत होते. पण तपासनिसांनी कीर्द पाहिली, तेव्हा ज्या पाकिटांच्या किल्ल्या हरवल्या म्हणून हळहळ चालली होती, ती आधीपासूनच रिकामी निघाली. हा फसवणुकीचा प्रकार होता, असे ओंटारिओच्या रोखे आयोगाने २०२० मध्ये जाहीर केले.

तेव्हा किल्ली आपल्याजवळच ठेवू असे म्हटले, तरी पेच सुटत नाही. हरवण्याची भीती म्हणून जास्त प्रती कराव्या, तर चोराला तेवढ्याच जागा अधिक. चोराच्या भीतीने एकच प्रत ठेवावी, तर एका पुरात वा वाळवीत सारे गेले. बारा शब्दांचे सहा-सहा असे दोन तुकडे करावेत, असे एका विद्यार्थ्याने सुचवले. त्यात दोन्हीकडून तोटा आहे. कोणताही तुकडा हरवला की सर्वस्व गेले. आणि एक तुकडा चोराला सापडला, तर त्याला चाळीस अंकी संख्येइतक्या शक्यतांऐवजी वीस अंकी संख्येइतक्याच तपासाव्या लागतात.

यावर आदी शामीर या इस्रायली गणितज्ञाने १९७९ साली काढलेला तोडगा अकरावीच्या विद्यार्थ्यालाही समजेल. समजा, आपले गुपित १७ आहे. य = १७ + ५क्ष ही रेषा घ्या; यातला ५ हा आकडा आपण चिठ्ठी टाकून काढलेला. क्ष ला १, २, ३ या किमती दिल्या की (१, २२), (२, २७), (३, ३२) हे बिंदू मिळतात. एक बिंदू बेळगावच्या घरी, दुसरा बँकेच्या लॉकरमध्ये, तिसरा पुण्याच्या भावाकडे ठेवा. दोन बिंदूंनी रेषा निश्चित होते. म्हणून कोणतेही दोन कागद जमले की १७ परत मिळतात व तिसरा हरवला तरी बिघडत नाही. पण एकाच बिंदूतून असंख्य रेषा जातात, त्यामुळे एकट्या कागदावरून काहीच कळत नाही. प्रत्यक्षात ही आकडेमोड एका प्रचंड मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाक्यांवर करतात. पाचांपैकी तीन कागद लागावेत अशी इच्छा असेल, तर रेषेऐवजी वर्गबहुपदी घ्यावी. मला विचाराल तर, ‘हे शिकून काय उपयोग?’ या वर्गातल्या नेहमीच्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर माझ्याजवळ नाही.

तथापि कागद एकत्र जुळवताना सबंध किल्ली क्षणभर एका ठिकाणी येतेच. तेवढाही धोका नको असेल, तर सोसायटीच्या धनादेशावर अध्यक्ष व सचिव या दोघांच्याही सह्या लागतात, तशी स्वतंत्र किल्ल्यांनी अनेक सह्या करण्याची रीत आहे. पण तिलाही मर्यादा आहे. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची मत्ता गेली, ती अशाच पाकिटातून. पडद्यावर दिसत होता एक व्यवहार आणि सह्या झाल्या दुसऱ्यावर, असे कंपनीने म्हटले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिटचे सुमारे १५० कोटी डॉलर गेले, तेही पडद्यावरच्या फसव्या चित्रामुळेच. किल्ली सुरक्षित होती. पण ती धरणारा हात कशावर सही करतो आहे, हे त्या हाताला कळले नाही.

राहता राहिला वारसांचा प्रश्न. बँकेत नामनिर्देशन असते. येथे वारस-दाखला घेऊन जायला कचेरीच नाही. म्हणून कोणता कागद कोठे आहे व त्यांचे काय करायचे, हे घरातल्या एखाद्या जाणत्या माणसाला लिहून ठेवावे. प्रत्यक्ष शब्द मात्र मृत्युपत्रात घालू नयेत; ते वकिलाच्या कारकुनापासून न्यायालयाच्या दप्तरापर्यंत किती हातांतून जाते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.