ट्यूबवरचं नाव बदललं, पुढे काय?

मे २०२० मध्ये अमेरिकेत एका पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाची मान गुडघ्याखाली दाबून त्याचा जीव घेतला. जगभर लोक रस्त्यावर उतरले, तशा कंपन्याही समतेचं बोलू लागल्या. आपल्या मुदखेडच्या दुकानात मिळणारी ‘फेअर अँड लव्हली’ त्याच वर्षी ‘ग्लो अँड लव्हली’ झाली. नाव बदललं, पण जाहिरातींनी सावळ्या लेकींना वर्षानुवर्षं कमी लेखलं, त्याचा हिशेब कुणी दिला?

त्या पोलिसाला मात्र साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. एका मुलीने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आणि लोकांच्या साक्षी कामी आल्या. हिशेब असा मागावा लागतो. ठाण्यात छळाची तक्रार नोंदवली, तर एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंदवून घेतली नाही, तर नांदेडच्या पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार टपालाने पाठवा. पोच जपून ठेवा.