स्पॉट वेल्डर हाती घेण्यापूर्वी

नांदेड जिल्ह्यातलं धर्माबाद लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखलं जातं. मिरची म्हटली की फवारणी आली आणि पाठीवरचा बॅटरी पंपही. त्याची १२ व्होल्टची बॅटरी बसली, तर लिथियम-आयन सेल जोडून घरी पॅक बांधता येतो.

● सेल : १८६५० म्हणजे १८ मिमी व्यास, ६५ मिमी लांबी. तीन सेल एकसरीत जोडले की सुमारे ११.१ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर १२.६.

● सोल्डर का नको : त्याची उष्णता सेलच्या आत शिरते. स्पॉट वेल्डर शेकडो अँपिअर सोडतो, पण काही मिलिसेकंदच. सेल जोडणारी पट्टी चिकटते, सेल फारसा तापत नाही.

● पट्टी : शुद्ध निकेलची, ०.१ ते ०.१५ मिमी जाडीची. खात्रीसाठी तिचा तुकडा घासून मिठाच्या पाण्यात ठेवा. निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद गंजतं.

● जोडाची पारख : आधी पट्टीच्या तुकड्यांवर करा. पकडीनं ओढल्यावर पट्टी फाटावी, टाका सुटू नये.

● शॉर्टचा धोका : सेलचं पूर्ण कवच ऋण असतं. धन टोकाभोवती इन्सुलेशनची चकती लावा. अंगठी, कडं काढा. डोळ्यांवर चष्मा हवा.

● चार्जर : लेड-ॲसिडचा जुना चार्जर १४ व्होल्टच्या आसपास जातो, तो इथे वापरू नका. १२.६ व्होल्टचा लिथियम चार्जर घ्या, पॅकला बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम) बसवा.

● बाद सेल : फुगलेले, चेपलेले सेल वापरू नका, कचऱ्यातही टाकू नका. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे.