जुन्या स्पोर्ट्‌स मोटारी आणि पेट्रोलमधले शिसे

जुन्या मोटारी विकत घेऊन त्या दुरुस्त करणे आणि सुटीच्या दिवशी रस्त्यावर काढणे हा छंद आता जगभर पसरला आहे. वरवर पाहता हा पैशाचा आणि हौसेचा मामला वाटतो. परंतु अशी मोटार नीट चालती ठेवायची तर धातुविज्ञान, रसायनशास्त्र आणि उष्णतेचे नियम या सर्वांशी गाठ पडते. या लेखात आपण त्यातला एकच प्रश्न पाहू. पेट्रोलमधून शिसे काढून टाकल्यावर जुन्या इंजिनांचे काय झाले?

उदाहरणासाठी एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटार घेऊ. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात ती तयार होत असे. पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्यामुळे आजही ती हौशी लोकांच्या हाती सहज लागते. तिचे इंजिन १७९८ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे आहे. ‘बी सिरीज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इंजिनांच्या कुळातले ते एक. याच कुळातले १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन एमजीए या आधीच्या स्पोर्ट्‌स मोटारीत होते, आणि तेच आपल्या अँबॅसडरमध्येही होते! जिल्हा कचेरीसमोर उभी राहणारी ती पांढरी गाडी आणि इंग्लंडमधली स्पोर्ट्‌स मोटार ही चुलत भावंडे होती. त्यामुळे पुढे येणारा प्रश्न आपल्यालाही परका नाही.

शिसे पेट्रोलमध्ये आले कसे?

इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण पिस्टन दाबतो आणि मग ठिणगी पडते. ठिणगीपासून निघालेली ज्योत मिश्रणातून पुढे सरकत जावी अशी अपेक्षा असते. पण दाब फार वाढला तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेट घेते. त्यामुळे इंजिनात ठोके ऐकू येतात. गॅरेजमध्ये याला ‘नॉकिंग’ म्हणतात. ठोके टाळायचे तर मिश्रण कमी दाबावे लागते, आणि मग इंजिनाची ताकद घटते.

१९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना टेट्राइथिल लेड या द्रवाने हे ठोके थांबतात असे आढळले. सिलिंडरच्या उष्णतेत या द्रवाचे विघटन होऊन लेड ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. अकाली पेट घेण्यासाठी जी शृंखला-अभिक्रिया सुरू व्हावी लागते, ती हे कण मध्येच तोडतात. १९२३ पासून असे पेट्रोल विकले जाऊ लागले.

शिशाचे दुसरे काम

शिसे आणखीही एक काम करत होते. ते कोणी मुद्दाम त्याच्यावर सोपवलेले नव्हते.

जळालेला वायू ज्या झडपेतून बाहेर पडतो, तिला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह म्हणतात. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत ती एकदा उघडते. इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर झडप मिनिटाला २००० वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ वेळा उघडून पुन्हा आपल्या बैठकीवर आदळते. या बैठकीला ‘सीट’ म्हणतात. एमजीबीचे हेड बिडाचे असून सीट त्या बिडातच कोरलेली आहे.

तापून लाल झालेली झडप मऊ बिडावर आदळते तेव्हा दोन धातूंचे पृष्ठभाग जागोजागी क्षणभर चिकटतात. झडप उघडताना बिडाचे सूक्ष्म कण उपटून तिच्याबरोबर जातात. त्या कणांचे ऑक्साइड होते. ते अतिशय कठीण असल्यामुळे झडप काचकागदासारखी सीटला घासू लागते. पेट्रोलमध्ये शिसे असताना सीटवर शिशाच्या संयुगांचा पातळ थर बसत असे. त्यामुळे धातूला धातू चिकटत नसे. थोडक्यात, शिसे तेथे वंगणाचे काम करत होते.

हा थर नसला की सीट झिजते आणि झडप हेडमध्ये खोल रुतत जाते. एमजीबीच्या झडपेपाशी सुमारे ०.३८ मिलिमीटर फट ठेवलेली असते. मेकॅनिक ‘टॅपेट सेटिंग’ करतात ते याच फटीचे. सीट झिजली की फट कमी होते. ती शून्य झाली की झडप पूर्ण बंद होत नाही, गरम वायू कडेने निसटू लागतो आणि झडप जळते.

किंमत कोणी मोजली?

मग शिसे काढलेच कशाला? कारण शिसे विषारी आहे. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे टेट्राइथिल लेडच्या विषबाधेने पाच कामगार मरण पावले. त्यानंतर मिजली यांनी पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुऊन दाखवले. त्याआधी त्यांना स्वतःलाच शिशाची बाधा होऊन गेली होती!

रस्त्यावरचा धोका अधिक छुपा होता. १९८१ पासून ब्रिटनमध्ये लिटरला ०.४ ग्रॅम शिशाची मर्यादा होती. एखादी मोटार वर्षाला १०,००० किलोमीटर धावली आणि लिटरला १० किलोमीटर गेली, तर ती १००० लिटर पेट्रोल जाळते. म्हणजे एका मोटारीमागे वर्षाला ४०० ग्रॅम शिसे! त्यातले बरेचसे धुरावाटे हवेत आणि रस्त्याकडेच्या धुळीत जाते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. वाढत्या वयाच्या मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. रक्तातले शिसे अमुक पातळीपर्यंत निर्धोक आहे, असे म्हणण्यासारखी पातळी जागतिक आरोग्य संघटनेला आढळलेली नाही.

क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञांनी शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय ठरवले. ते करताना आपल्या भोवतीचे वातावरण शिशाने किती दूषित झाले आहे हे त्यांच्या लक्षात आले, आणि १९६५ मध्ये त्यांनी त्याविरुद्ध जाहीरपणे लिहिले. पुढे धूर स्वच्छ करणारे उत्प्रेरक शिशाने निकामी होतात, हेही कारण पुढे आले. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. २००० साली भारत आणि ब्रिटन दोन्हीकडे शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली. मोटारींसाठी असे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथे ते २०२१ मध्ये बंद झाले.

उपाय एका कड्याचा

शिसे गेले की जुन्या गाड्या संपतील, अशी भीती अनेक शौकिनांना वाटत होती. उपाय मात्र साधा निघाला. हेड उतरवायचे, झिजलेली सीट यंत्रावर कोरून काढायची आणि त्या जागी कठीण मिश्रधातूचे कडे बसवायचे. कडे खाचेपेक्षा किंचित मोठे असते, म्हणून ते आधी थंड करून आकुंचित करतात. समजा कड्याचा व्यास ३६ मिलिमीटर आहे. घनरूप कार्बन डायऑक्साइडमध्ये त्याचे तापमान सुमारे १०५ अंशांनी उतरते. पोलादाचा प्रसरणांक अंशाला ०.००००११ धरला तर व्यास ३६ × ०.००००११ × १०५, म्हणजे सुमारे ०.०४ मिलिमीटरने घटतो. केसाच्या जाडीच्या जवळपास निम्मा हा फरक, पण कडे दाबून बसवणे त्यामुळे सोपे होते. तापमान पूर्ववत झाले की ते घट्ट आवळून बसते. बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव तापवून बसवतो, त्याचीच ही उलट बाजू.

हेड उतरवायचे नसेल तर पेट्रोलमध्ये पोटॅशियम, मँगनीज किंवा फॉस्फरसची संयुगे मिसळता येतात. तीही सीटवर संरक्षक थर देतात. शिवाय झीज मुख्यतः दीर्घकाळ वेगाने गाडी हाकल्यावरच होते. महिन्यातून एखादी रपेट करणाऱ्याने ठरावीक अंतरानंतर टॅपेटची फट मोजून वहीत लिहावी. ती सतत घटत असेल तरच हेडला हात लावावा. भीती किंवा ऐकीव माहिती यांपेक्षा मोजमाप भरवशाचे!

आता इथेनॉल

हाच धडा आज पुन्हा उपयोगी पडतो आहे. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. भारतात हे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो पुरते. २० टक्के मिश्रणाला अंदाजे १३.५ किलो लागते. जुन्या कार्बुरेटरला हा बदल कळत नाही. तो पूर्वीइतकेच इंधन सोडतो, त्यामुळे मिश्रणात हवा जास्त होते आणि इंजिन अधिक तापू शकते. एमजीबीच्या कार्बुरेटरमध्ये इंधनाची वाट निमुळत्या सुईने अडवलेली असते. ती सुई बदलून मिश्रण सुधारता येते. जुने रबरी पाइप मात्र इथेनॉलने खराब होतात; तेथे इथेनॉल सोसणारे पाइपच घालावे लागतात.

जुनी वस्तू जतन करणे म्हणजे ती होती तशी गोठवून ठेवणे नव्हे. तिचा प्रत्येक भाग कशाच्या आधाराने टिकून होता हे ओळखायचे, आणि तो आधार घातक असेल तर दुसरा शोधायचा. मुलांचे आरोग्य की जुन्या मोटारी, असा पेच कधी नव्हताच. पोलादाच्या कड्याने तो सुटणार होता.

शाळेत गोळा आणि कडे यांचा प्रसरणाचा प्रयोग आपण नेहमीच दाखवतो. पुढच्या वेळी वरचे गणित फळ्यावर मांडावे, आणि शक्य असल्यास विद्यार्थ्यांना जवळच्या इंजिन दुरुस्तीच्या कारखान्यात नेऊन उतरवलेले हेड दाखवावे. झिजलेली सीट बोटालाही जाणवते.