घरांतला समुद्र

आमच्या अष्टमीच्या घरीं बाळाच्या पांचव्या वाढदिवसास समुद्र मांडावयाचें ठरलें. महाराष्ट्रांत थर्माकोलच्या सजावटीस २०१८ सालीं बंदी झाली; शिवाय गांवालगतची कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्रास मिळते. खेळांतल्या समुद्राचा कचरा खऱ्या समुद्रांत कां जावा? म्हणून आम्हीं जुनें धोतर निळींत बुडवून त्याच्या लाटा केल्या, करवंटीस पुठ्ठ्याचे पाय लावून कासव केलें. मुलांनीं रद्दीचे मासे कापले. आजींनीं त्यांस हळदीचा रंग देऊन दोऱ्यांत ओवलें. ज्या स्वयंपाकघरांत मासा कधीं शिरला नाहीं, त्याच्याच दारावर माशांची माळ डोलूं लागली!

औक्षणानंतर धोतर धुण्यांत गेलें, मासे बंबांत. कासव मात्र बाळ कोणास देईना. कुंडलिकेच्या वाट्यास कांहींच आलें नाहीं.