कळसूबाई आणि मोहरी

किशोरीताईंच्या गाण्याची एलपी फिरतेय, सुई खाचेत आहे. सुईमागच्या केसाहून बारीक तारेच्या कॉइलमध्ये त्या सुरांची वीज किती तयार होत असेल? डेनॉनचं डीएल-१०३ घ्या, जपानच्या एनएचके रेडिओसाठी १९६०च्या दशकात बनवलेलं आणि आजही मिळणारं कार्ट्रिज, म्हणजे सुई आणि कॉइल धरणारी डबी. कंपनीचा आकडा ०.३ मिलिव्होल्ट. टीव्हीच्या रिमोटमधला एक पेन्सिल सेल याच्या ५,००० पट व्होल्ट देतो.

हा सिग्नल पुढे व्हॉल्व्हच्या प्रीअँपमध्ये शिरतो. तिथे १२एएक्स७ व्हॉल्व्हच्या प्लेटमागे ३०० व्होल्ट उभे. भागून पाहा: दहा लाख पट! १,६४६ मीटरचं कळसूबाई आणि पायथ्याशी सांडलेला मोहरीचा एक दाणा. मग प्रीअँप राईचा पर्वत करतो म्हणायचं का? छे. तो साधारण हजार पट वाढवतो. मोहरी जेमतेम माणसाएवढी होते. पर्वत आधीपासूनच आत उभा असतो.

व्होल्ट सोडा, ऊर्जा बघा. पॉवर सप्लायमधला ४७ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर ३०० व्होल्टला भरला की त्यात सुमारे २ ज्यूल साठतात. दीड किलोचं कलिंगड घोट्याच्या जरा वरून जमिनीवर पडावं, तेवढे, फार नाहीत. पण आपलं कार्ट्रिज ४७ किलोओहमच्या इनपुटला ज्या दरानं ऊर्जा देतं, त्या दरानं २ ज्यूल जमायला अहोरात्र रेकॉर्ड वाजवली तरी सुमारे ३५,००० वर्षं लागतील. आणि हा कंडेन्सर बटण बंद केल्यावरही बराच वेळ भरलेला राहू शकतो.

हे ३०० व्होल्टचं वादळ कॉइलपर्यंत पोचतं कसं? एरवी नाहीच पोचत. कॉइलचा सिग्नल व्हॉल्व्हच्या ग्रिडवर येतो; ग्रिड आणि प्लेटमध्ये निर्वात पोकळी असते. पण जुना व्हॉल्व्ह आतून शॉर्ट झाला, तर प्लेटवरचा १०० किलोओहमचा रेझिस्टन्स ही एकच भिंत उरते. भिंत बरी आहे: ३०० व्होल्ट तिच्यातून ३ मिलिअँपिअरच सोडतात. ४० ओहमच्या कॉइलवर ०.१२ व्होल्ट येतात. ऐकायला किरकोळ, पण नेहमीच्या सिग्नलच्या ४०० पट. कॉइल लगेच जळणार नाही, तरी मला ही जोखीम नको. म्हणून इनपुटला एक कंडेन्सर टाकायचा, म्हणजे डीसी अडतो. तो ५० व्होल्टचा नको, ४०० चा हवा. नाहीतर ज्या दिवसासाठी लावला त्याच दिवशी तो फुटायचा. काहीजण त्याऐवजी स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लावतात. त्यानं कार्ट्रिज व्हॉल्व्हपासून वेगळं राहतं आणि आवाजही वाढतो. मला हाच उपाय जास्त पटतो.

नवा-जुना कुठलाही व्हॉल्व्ह बदललात, तर कार्ट्रिजकडून येणाऱ्या तारेची पिन इनपुटमधून आधी काढून ठेवा. प्रीअँप तापू द्या, मीटर डीसी व्होल्टच्या मोठ्या रेंजवर ठेवून इनपुटच्या सॉकेटला लावा आणि एकेक रेंज खाली या. आकडा काही मिलिव्होल्टच्या वर ठाण मांडून बसला, तर पिन लावू नका.

मात्र तोच मीटर ओहमच्या रेंजवर कार्ट्रिजला लावून ‘कॉइल शाबूत आहे का’ हे कधीही पाहू नका. साधा मीटर तेव्हा सुमारे १ मिलिअँपिअर सोडतो, म्हणजे गाणं चालू असताना त्या तारेतून जे जातं त्याच्या दीड लाख पट.