वीर आणि भयानक यांचा मेळ : भयप्रधान भूमिका-खेळाच्या आखणीतील एक प्रश्न

प्रस्तावना

चार-पाच जण एका टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एक सूत्रधार होतो. तो स्थळे, प्रसंग आणि शत्रू उभे करतो. इतर प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका स्वीकारतो व त्याच्या वतीने निर्णय घेतो. निर्णय यशस्वी झाला की फसला, हे बहुधा फासे ठरवितात. ‘टेबलटॉप रोलप्लेइंग गेम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भूमिका-खेळाचा व्यापारी प्रारंभ अमेरिकेत १९७४ साली झाला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ त्या वर्षी प्रसिद्ध झाला. एकच कथानक अनेक बैठकांतून, कित्येकदा वर्षभर, पुढे नेले जाते, तेव्हा त्यास ‘कॅम्पेन’ म्हणजे मोहीम असे म्हणतात.

अशी मोहीम अद्भुतरम्य वीरकथेच्या धर्तीवर, परंतु भयप्रधान आखावयाची असल्यास एक मूलभूत अडचण उद्भवते. वीरकथेत पात्रांचे सामर्थ्य उत्तरोत्तर वाढत जाते, तर भयकथा असहायतेवर उभी असते. सामर्थ्य वाढले की भीती ओसरते आणि सामर्थ्य हिरावून घेतले की वीरकथाच उरत नाही. या पेचाचे स्वरूप व त्यावरील उपाय यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रसविरोधाचा विचार

भारतीय काव्यशास्त्राला हा पेच अपरिचित नाही. वीररसाचा स्थायीभाव उत्साह, तर भयानक रसाचा स्थायीभाव भय होय. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त भयानकाची गणना वीराच्या विरोधी रसांत केली आहे. आनंदवर्धनाने मात्र ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात अशा विरोधाचा परिहार सुचविला आहे. एकाच आश्रयात न सामावणारे दोन भाव वेगवेगळ्या आश्रयांत ठेवावेत. नायकाच्या ठायी उत्साह असेल तर भय प्रतिनायकाच्या ठायी दाखवावे, हा पहिला उपाय. लगोलग आल्याने विरोधी ठरणाऱ्या दोन रसांमध्ये तिसरा, अविरोधी रस योजावा, हा दुसरा उपाय.

भूमिका-खेळात पहिल्या उपायास वेगळेच रूप येते. येथे पात्र आणि खेळाडू हे दोन आश्रय एकाच व्यक्तीत नांदतात. पात्र निधड्या छातीने तळघरात उतरते, पण त्याच्या वतीने ‘मी दार उघडतो’ असे म्हणण्यापूर्वी खेळाडू क्षणभर थबकतो. उत्साह पात्राचा आणि भय खेळाडूचे, ही विभागणी साधणे हेच आखणीचे मुख्य सूत्र होय.

सँडी पीटरसन यांच्या ‘कॉल ऑफ क्थुलू’ (१९८१) या खेळाने निराळा मार्ग स्वीकारला. त्यातील पात्रे सामान्य माणसे असतात. भीषण दर्शनाने त्यांचे मानसिक संतुलन अंकांच्या रूपाने घटत जाते आणि गूढ ज्ञान वाढले की त्या संतुलनाची कमाल मर्यादाच खाली येते. भयकथेसाठी ही योजना समर्पक असली, तरी वीरकथेचे आश्वासन तीत नाही.

‘रेव्हनलॉफ्ट’चे उदाहरण

ट्रेसी व लॉरा हिकमन यांनी लिहिलेले ‘रेव्हनलॉफ्ट’ हे साहस १९८३ साली प्रसिद्ध झाले. त्याचाच विस्तार असलेली ‘कर्स ऑफ स्ट्राड’ ही मोहीम २०१६ साली आली. तिच्यात पात्रे पहिल्या स्तरापासून सुमारे दहाव्या स्तरापर्यंत पोहोचतात. म्हणजे सामर्थ्यवृद्धीला कोठेही आडकाठी नाही. तरीही भय टिकते. त्याची कारणे रचनेत आहेत.

पहिले कारण म्हणजे कोंडलेले स्थळ. बरोव्हियाच्या दरीभोवती धुके आहे आणि आत आलेल्यास बाहेरची वाट बंद होते. दुसरे कारण अनिश्चितता. आवश्यक वस्तू कोठे दडल्या आहेत आणि स्ट्राड या पिशाच्च सरदाराशी अखेरची गाठ कोठे पडेल, हे भविष्यकथनाच्या प्रसंगी निघालेले पत्ते ठरवितात. त्यामुळे पुस्तक वाचलेल्या खेळाडूसही पुढचे ठाऊक नसते. तिसरे कारण खलनायकाची वागणूक. स्ट्राड अखेरच्या दालनात वाट पाहत बसत नाही. तो आरंभापासून भेटतो, पारखतो आणि पात्रांना जिवंत सोडून देतो. चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. ज्या तात्यानाच्या अभिलाषेने स्ट्राडने सख्ख्या भावाचा खून केला, तिचेच पुनर्जन्मातील रूप असलेली इरीना पात्रांच्या आश्रयाला येते. वीराला स्वतःच्या जिवाची पर्वा नसते. पण ज्याच्या रक्षणाचा शब्द दिला त्याची असते. भयाचा विषय असा बदलला की वीराचे धैर्य अबाधित राहून खेळाडूची धास्ती वाढते.

आखणीची पथ्ये

यावरून सूत्रधारास काही पथ्ये सांगता येतात. पात्रांची शक्ती काढून घेऊ नये. तिचे मोल मागावे. ‘कर्स ऑफ स्ट्राड’मधील अंबर मंदिरात काळ्या शक्ती वरदान देऊ करतात, पण ते स्वीकारणाऱ्यावर त्याची खूण उमटते. येथे निवड खेळाडूची असते, म्हणूनच ती बोचते.

आनंदवर्धनाचा दुसरा उपाय बैठकींच्या क्रमास लागू पडतो. प्रत्येक बैठकीत भीषणता ओतल्यास ती बोथट होते. भय आणि पराक्रम यांच्यामध्ये अद्भुताचा पट्टा असावा : एखादे ओसाड ग्रंथालय, विस्मृत देवस्थान, अनोळखी पाहुणचार. विस्मयातून शंका, शंकेतून भय आणि भयातून निश्चय असा प्रवास स्वाभाविक वाटतो.

भयाचा उगम कोठे ठेवावा, हाही विवेकाचा प्रश्न आहे. या मोहिमेतील ‘विस्तानी’ या भटक्या लोकांचे चित्रण रोमा समाजाविषयीच्या पूर्वग्रहांना पुष्टी देते अशी टीका झाली आणि प्रकाशकांनी २०२० साली त्यात बदल केले. भय व्यक्तीच्या कृत्यातून निर्माण व्हावे, एखाद्या समाजाच्या जन्मातून नव्हे, हा त्याचा बोध होय.

शेवटचे पथ्य संमतीचे. भय जर खेळाडूचे असेल, तर त्याची मर्यादाही खेळाडूनेच ठरविली पाहिजे. यासाठी मोहिमेपूर्वी स्वतंत्र बैठक घेऊन कोणते विषय वर्ज्य आहेत हे ठरविण्याची पद्धत रूढ आहे. जॉन स्टाव्ह्रोपोलस यांनी २०१३ साली मांडलेल्या ‘एक्स-कार्ड’ या युक्तीत टेबलावरील एका पत्त्याला स्पर्श करताच चालू प्रसंग वगळला जातो. कारण विचारले जात नाही.

समारोप

नाट्यगृहातील प्रेक्षक भयानक रसाचा आस्वाद घेतो, कारण रंगमंच आणि आसन यांत अंतर असते. भूमिका-खेळात ते अंतर फार थोडे असते. बोलणारा आणि भोगणारा एकच असतो. हे उरलेले अंतर राखणे ही सूत्रधाराची जबाबदारी आहे. ते नाहीसे झाले तर खेळाचा छळ होतो; फार वाढले तर भयाचे विडंबन होते. धुके, पत्ते आणि पिशाच्च ही साधने होत. ज्या टेबलावर परस्परविश्वास आहे, तेथेच माणसे स्वेच्छेने भ्यावयास तयार होतात, आणि त्या भीतीतूनच त्यांच्या पात्रांच्या शौर्याला अर्थ येतो.