साहित्याचा अभ्यास समाजाच्या कामी कसा येतो?

मराठी विषय घेऊन पदवीला शिकतो असे सांगितले की आम्हाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो, "मग पुढे काय करणार?" विचारणारे आपलेच काका, मावशी असतात आणि काळजीपोटी विचारतात. नोकरीपुरते उत्तर देता येते. शिक्षक, पत्रकार, अनुवादक, नभोवाणी, अशा वाटा आहेत. पण या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न असतो आणि तो अधिक अवघड आहे. कविता आणि कादंबऱ्या वाचून कुणाचे काय भले होते? मंडळाच्या वाचकांपुढे आम्ही विद्यार्थी या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मांडत आहोत. आम्ही म्हापसा, पेडणे, डिचोली या भागातले आहोत, म्हणून उदाहरणेही शक्यतो आपल्याच मातीतली घेतली आहेत.

एक वाचणारा आणि ऐकणारा सगळा वाडा

आज पुस्तक म्हटले की एकटा माणूस कोपऱ्यात बसून वाचतो असे चित्र डोळ्यांसमोर येते. गोमंतकात फार मोठा काळ असे चित्र नव्हते. केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ मध्ये 'श्रीकृष्णचरित्रकथा' रचायला घेतली, ती ओव्यांत. पुढे ९० वर्षांनी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' रायतूर येथे छापले गेले. लिपी रोमन, पण भाषा मराठी आणि छंद ओवीचाच. एक हिंदू, एक इंग्लंडातून आलेला जेझुइट. दोघांनी ओवीच निवडली, कारण ओवी ऐकून लक्षात राहते. लिहिता-वाचता येणारे थोडे होते आणि ऐकणारे पुष्कळ. एकाने पोथी वाचायची आणि बाकीच्यांनी भोवती बसून ऐकायचे, अशीच रीत होती.

पेडणे आणि डिचोली हे तालुके पोर्तुगिजांच्या ताब्यात १८ व्या शतकाच्या अखेरीस आले, पेडणे १७८८ मध्ये. बार्देश, तिसवाडी आणि साष्टी या जुन्या काबिजादींत १६ व्या शतकात देवळांची जी मोडतोड झाली, तशी नव्या काबिजादींत झाली नाही. म्हणून देवळांच्या आधाराने जगणाऱ्या कला तिथे टिकून राहिल्या. घरात बोलणे कोकणीतून, पण आरती, कीर्तन, पोथी आणि नाटक मराठीतून, ही आपली जुनी वहिवाट. पेडण्यातल्या जत्रेत दशावतारी नट हातात कागद नसताना रात्रभर संवाद बोलतात आणि समोर बसलेल्या आजीला पुढचे वाक्य काय येणार हे पाठ असते. ती आजी कदाचित शाळेत गेलेली नसेल, पण साहित्यापासून ती दूर आहे असे कोण म्हणेल?

सोहिरोबानाथ आंबिये हे १८ व्या शतकातले आपल्या भागातले संतकवी. विर्नोड्याच्या शासकीय महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. त्यांची पदे त्यांच्या बहिणीने जपून ठेवली, असे परंपरा सांगते. कवीचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. जपून ठेवणाऱ्याचे नाव मागे पडते, पण त्याने ते काम केले नसते तर आपल्या हाती काहीच लागले नसते. साहित्य लिहिणे जसे काम आहे, तसे ते वाचून दाखवणे, जपणे आणि पुढच्या माणसापर्यंत पोहोचवणे हेही काम आहे. आम्हा विद्यार्थ्यांना करता येण्यासारखे आहे ते हे दुसऱ्या प्रकारचे काम.

मुठीमुठीने उभे राहिलेले

पोर्तुगालमध्ये १९१० साली राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले आणि गोव्यातल्या हिंदूंना नागरिक म्हणून बरोबरीचे हक्क मिळाले. त्याच्या आगेमागे गावोगाव मराठी शाळा, वाचनालये आणि नियतकालिके निघाली. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ ची. नावातच तिची गोष्ट आहे. घराघरांतून मूठ मूठ तांदूळ गोळा करून शाळेचा खर्च भागवायचा, अशी ती कल्पना होती. कुणावर भार नाही आणि कुणी वगळलेलाही नाही. फोंड्याला १९११ मध्ये आल्मेदा विद्यालय सुरू झाले. त्यामागे दादा वैद्य होते, वैद्यकी करणारे आणि लेखणीही चालवणारे. लेखन वेगळे आणि लोकांचे काम वेगळे, असे कप्पे त्या पिढीने केले नव्हते.

पुढच्या काळातही हाच धागा दिसतो. पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेल्या गोमंतकीयांनी १९१९ मध्ये 'दि गोवा हिंदू असोसिएशन' स्थापन केली. या संस्थेच्या कला विभागाने मराठी रंगभूमीला 'मत्स्यगंधा'सारखी नाटके दिली. जयवंत दळवींचे 'संध्याछाया' हे नाटकही याच संस्थेने रंगमंचावर आणले. दळवींचा जन्म आपल्या बार्देशातल्या हडफड्याचा. या नाटकात एक वृद्ध जोडपे आहे. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा हवाई दलात, आणि घरात दोघेच दोघे. हे नाटक करणाऱ्या संस्थेनेच फोंड्याजवळ बांदिवड्याला 'स्नेहमंदिर' हा वृद्धाश्रम उभारला. रंगमंचावर जे दुःख दाखवले, त्या दुःखाशी प्रत्यक्षातही काहीतरी करायला हवे, हे त्या मंडळींना कळले होते, असे आम्हाला वाटते.

आणि बा. भ. बोरकर, आपले बाकीबाब. अनेक वर्षे शिक्षकी केलेला हा कवी १९४६ मध्ये नोकरी सोडून गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यात उतरला. आपल्या कविता ते गाऊन म्हणत आणि लोक त्या ऐकायला जमत. निसर्गावर आणि प्रेमावर लिहिणारा कवीही समाजापासून तुटलेला नसतो, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

आज आम्हाला काय करता येईल?

शाळा उभारणे किंवा लढ्यात उतरणे हे प्रत्येकाच्या हातून होणार नाही. पण साहित्याच्या अभ्यासातून तीन सवयी लागतात: मोठ्याने नीट वाचणे, ऐकलेले नेमके लिहून ठेवणे आणि कठीण मजकुराचा अर्थ लावणे. या तिन्हींची आपल्या गावात आज गरज आहे.

पहिले काम, वाचून दाखवणे. बार्देश आणि पेडण्यातल्या कितीतरी घरांत आज वडीलधारी माणसे एकटी आहेत. मुले आखातात, इंग्लंडला, बोटीवर किंवा पुण्या-बंगळुरूला. मोतीबिंदूमुळे किंवा वयामुळे वर्तमानपत्राची अक्षरे दिसत नाहीत आणि दूरदर्शन संच गप्पा मारत नाही. आठवड्यातून एक तास जाऊन वर्तमानपत्र, एखादी कथा किंवा त्यांच्या आवडीचे अभंग वाचून दाखवणे हे साधे काम आहे. वाचणारा घरातलाच नातू असला तर आणखी चांगले. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांना देवनागरी वाचायला वेळ लागतो. तो अडखळला की आजी शब्द सांगते. आजीला सोबत मिळते आणि नातवाला भाषा. पुस्तकांसाठी फार लांब जावे लागत नाही. म्हापशाचे अथाईद वाचनालय शुक्रवारच्या बाजाराला येणाऱ्यांनाही सोयीचे आहे आणि जुने ग्रंथ पाहायचे तर पणजीचे कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, ज्याची सुरुवात १८३२ ची.

दुसरे काम, लिहून ठेवणे. पौष महिन्यात आपल्या मांडावर धालो होतात. बायका समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहून रात्री गातात. ही गाणी कुठल्या पुस्तकात बघून म्हटली जात नाहीत. एकीने म्हणायचे, दुसरीने उचलायचे, असे करत ती आईकडून मुलीकडे आली. आज काही मांडांवर गाणाऱ्या थोड्या उरल्या आहेत आणि सगळे शब्द ठाऊक असलेली एखादीच. ती गेली की ते गाणे गेले. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पिठाची गिरणी आली, जाती थांबली, तरी त्या ओव्या आज वाचता आणि ऐकता येतात. आपल्या दोन तालुक्यांसाठी एवढे मोठे काम लागणार नाही. प्रत्येक वाड्यावरच्या एका विद्यार्थ्याने दोन-तीन बायांची गाणी लिहून घेतली तरी पुष्कळ झाले.

हे करताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. शब्द जसा कानावर पडला तसाच लिहायचा. तो प्रमाण मराठीत किंवा पुस्तकी कोकणीत "सुधारायचा" नाही, कारण त्या वळणातच त्या गावची ओळख असते. गाण्याबरोबर गाणारीचे नाव, वाडा, गाणे कुणाकडून शिकली आणि कोणत्या प्रसंगी म्हणतात, एवढे टिपून ठेवायचे. आणि मांडाचे पावित्र्य पाळायचे. काही गाणी मांडावरच आणि ठरलेल्या रात्रीच म्हणायची असतात. "आता नको" असे सांगितले तर मोबाईल खिशात ठेवायचा आणि वेळ आली की पुन्हा जायचे.

तिसरे काम, कागद समजावून सांगणे. हे ऐकून कुणी म्हणेल, यात साहित्य कुठे आले? पण कवितेचा अर्थ लावताना आम्ही जे करतो, तेच इथेही करावे लागते. प्रत्येक शब्द पाहायचा, कोण कुणाला काय सांगत आहे ते ओळखायचे आणि साध्या भाषेत मांडायचे. बँकेचे पत्र येते, वीज खात्याचे येते, मामलेदार कार्यालयाची नोटीस येते. बहुतेक इंग्रजीत. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे घेणाऱ्या वृद्धांना हयातीचा दाखला वेळेवर द्यावा लागतो. तो राहिला की पैसे थांबतात आणि मग औषधांचा प्रश्न येतो. पत्र वाचून "आजी, यात एवढेच लिहिले आहे, अमुक तारखेच्या आत हा दाखला द्यायचा आहे" असे सांगणारे कुणीतरी लागते. अर्ज लिहून देणे हीसुद्धा लेखनाची कसोटीच आहे. चार ओळींत माणसाची अडचण अधिकाऱ्याला कळली पाहिजे.

काही पथ्ये

मदत करायला निघताना आम्ही आपापसांत काही नियम ठरवले आहेत. ते इथे सांगतो, म्हणजे घरच्या मंडळींनीही आम्हाला त्यांची आठवण करून द्यावी.

कुणाचे आधार कार्ड किंवा बँकेचे पुस्तक स्वतःजवळ ठेवायचे नाही आणि फोनवर आलेला ओटीपी विचारायचा नाही. समजावून सांगायचे, सही आणि निर्णय त्यांचाच. गाणी मुद्रित करण्यापूर्वी विचारायचे आणि एक प्रत त्या घरी द्यायची. गाणे गाणारीचे आहे, आमचे नाही. वाचून दाखवताना आम्हाला काय आवडते यापेक्षा त्यांना काय ऐकायचे आहे ते महत्त्वाचे. एखाद्या आजोबांना नवकवितेपेक्षा नाट्यपद आवडेल, तर नाट्यपद. आणि मदतीचे फोटो काढून मिरवायचे नाही. संकोचलेला माणूस दुसऱ्यांदा दार उघडत नाही.

साहित्याने सगळे प्रश्न सुटतात असा आमचा दावा नाही. एकट्या माणसाला डॉक्टर लागतो, पैसे लागतात, शेजार लागतो. कविता यांतले काही आणून देत नाही. पण दुसऱ्याचे दुःख हे आपल्याही ओळखीचे आहे, हे ती दाखवते. 'संध्याछाया' वाचल्यावर शेजारच्या घरातला रात्रीचा एकच दिवा वेगळा दिसू लागतो. त्या दाराची कडी वाजवायची की नाही, हे मात्र आपल्या हातात असते.

मंडळाच्या कुटुंबांकडे आमचे मागणे फार मोठे नाही. आपल्या ओळखीत धालो, फुगडी किंवा जुन्या ओव्या ठाऊक असलेल्या कुणी आजी असतील, कुणाला वाचून दाखवणारे हवे असेल, कुणाचा अर्ज अडला असेल, तर आम्हाला कळवा. घरातल्या शाळकरी मुलालाही आमच्याबरोबर पाठवा. मुष्टिफंडाच्या काळात प्रत्येक घराने मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवले. आमच्याकडे तांदूळ नाहीत, पण आठवड्यातला एक तास आहे. तेवढा आम्ही बाजूला काढून ठेवला आहे.